फायटर माशाच्या टाकीत झाडे लावताना

मा. संपादक यांस,

स. न. वि. वि.

गेल्या चतुर्थीच्या सुट्टीत माझ्या नातीला वाढदिवसाची भेट म्हणून एक फायटर मासा मिळाला. गडद निळ्या अंगाचा, तांबूस परांचा तो देखणा मासा नारळाच्या करवंटीहून जेमतेम मोठ्या अशा गोल काचेच्या भांड्यात घरी आला. भांड्याच्या तळाशी रंगीत खडे होते आणि त्या खड्यांत गुलाबी-हिरव्या प्लास्टिकचे एक झाड रोवलेले होते. आठवडाभरात त्याच्या शेपटीच्या कडा चिरून गेल्या आणि नातीने मला विचारले, ‘‘आजी, ह्याची शेपटी उंदरानं कुरतडली का गं?’’ मी ते प्लास्टिकचे झाड बाहेर काढून त्यावरून बोट फिरवले, तेव्हा साच्याची जोडरेघ प्रत्येक पानाच्या कडेला पात्यासारखी हाताला लागली. मग जुन्या पातळ ओढणीचे टोक त्या पानांवरून हलकेच ओढून पाहिले, तर चार ठिकाणी धागे अडकून सुटले. ज्या पानांवर ओढणी अडकते, त्या पानांवर फायटरचे पर फाटतात, हे मला त्या दिवशी कळले.

भेट म्हणून दिला जाणारा हा मासा आता आपल्याकडे घरोघरी दिसू लागला आहे. त्याच्या टाकीत कोणती झाडे लावावीत आणि ती कशी जगवावीत याविषयी मात्र दुकानात विचारले असता फारसे काही सांगितले जात नाही. गेल्या वर्षभरात चुका करत, वाचत आणि जाणकारांना विचारत जे शिकले, ते गोव्यातील पाणी आणि हवा ध्यानात घेऊन आपल्या वाचकांपुढे मांडावे, यासाठी हा पत्रप्रपंच.

हा मासा मूळचा थायलंडचा. ‘बेट्टा स्प्लेंडेन्स’ हे त्याचे शास्त्रीय नाव रीगन या ब्रिटिश मत्स्यशास्त्रज्ञाने १९१० मध्ये दिले आणि २०१९ मध्ये थायलंडने त्याला आपला राष्ट्रीय जलचर म्हणून घोषित केले. भातशेते, दलदली आणि संथ वाहणारे उथळ पाट हे त्याचे घर. पावसाळ्यात आपल्या मळ्यांत आणि खाजनांच्या कडेला गुडघाभर पाणी साचते आणि त्यात गवत, कमळवेली, शेवाळ यांची दाटी होते, साधारण तशीच ती जागा. त्याच्या कल्ल्यांच्या वर चुण्या पडलेला एक खास श्वसनावयव असतो आणि आपल्या शेतातल्या मरळीप्रमाणे तोही पाण्याच्या पृष्ठभागावर येऊन हवेतला प्राणवायू घेतो. लांब परांचे ओझे घेऊन त्याला सतत वर-खाली करणे जमत नाही, म्हणून दोन श्वासांच्या मध्ये तो पृष्ठभागापासून चार बोटे खाली एखाद्या रुंद पानावर टेकतो. नर मासा तरंगत्या पानांखाली बुडबुड्यांचे घरटे बांधतो. उघड्या, चारी बाजूंनी उजेड असलेल्या काचेत तो बावरतो आणि स्वतःच्याच प्रतिबिंबावर तुटून पडतो. पानांचा आडोसा मिळाला की शांत होतो. म्हणूनच या माशाच्या बाबतीत झाडे शोभेसाठी नसून त्याच्या राहण्याची सोय आहेत, असे मी आग्रहाने म्हणते, आणि याच कारणासाठी ते गोल भांडे सोडून निदान वीस लिटर पाण्याची टाकी घ्यावी, असेही सांगते. त्याहून लहान भांड्यात ना झाड तगते, ना पाण्याचे तापमान स्थिर राहते.

माझी पहिली चूक झाडे निवडण्यातच झाली. प्लास्टिक काढून टाकल्यावर मी उत्साहाने दुकानात गेले आणि काचेच्या पेटीत पाण्याखाली ठेवलेली, पांढऱ्या पट्ट्यांची लांब पाने असलेली दोन रोपे आणली. ‘‘बाई, ही पाण्यातलीच झाडं, काही करावं लागत नाही,’’ असे मला सांगण्यात आले होते. पहिले दहा दिवस ती टवटवीत दिसली. त्यानंतर पानांचे देठ तळाशी पारदर्शक झाले, बोटांत धरताच साबणासारखे बुळबुळीत लागू लागले आणि एका सकाळी पाण्यावर तेलकट तवंग दिसला. मासा कोपऱ्यात तोंड वर करून लटकला होता. मी धावपळीने निम्मे पाणी बदलले, सडलेली रोपे काढली, आणि दोन दिवसांनी तो पुन्हा खाऊ लागला. ती रोपे म्हणजे आपण कुंडीत लावतो ते साधे स्पायडर प्लांट होते, हे मला पुढे एका रोपवाटिकेत कळले.

हा प्रकार एका दुकानापुरता नाही. लकी बांबू, स्पायडर प्लांट, ड्रसीनाची लाल-हिरवी रोपे, पीस लिली ही सगळी जमिनीवरची झाडे ‘पाण्यातली’ म्हणून विकली जातात. त्यांची पाने हवेत श्वास घेण्यासाठी घडलेली असतात. पाण्याखाली ती काही आठवडे केवळ साठवलेल्या अन्नावर तग धरतात आणि मग कुजू लागतात. कुजणाऱ्या पानांतून अमोनिया सुटतो आणि वीस लिटर पाण्यात तो माशाच्या कल्ल्यांना जाळण्यास पुरेसा असतो. पीस लिलीची मुळे भांड्यात सोडून खाली फायटर ठेवण्याची जी पद्धत एके काळी फार पसरली होती, तिच्यात तर मासा मुळे खाऊन जगतो असे सांगितले जाई. हे साफ खोटे आहे. हा मासा मांसाहारी असून किड्यांच्या अळ्या हे त्याचे नैसर्गिक अन्न आहे. मुळांवर ठेवल्यास तो उपाशी मरतो. घरच्या मनीप्लांटची फांदी मात्र टाकीच्या कडेला अडकवून फक्त मुळे पाण्यात आणि पाने बाहेर हवेत ठेवता येतात. ती मुळे पाण्यातील नायट्रेट शोषून घेतात आणि माशाला मुळांत लपायलाही आवडते. ओळखीची खूण म्हणून एवढे सांगता येईल की पाने मेणचट असतील आणि त्यांवरून पाणी थेंबाथेंबाने घरंगळत असेल, तर शंका घ्यावी. पण खरी खात्री झाडाचे नाव विचारूनच होते. नाव सांगता येत नसेल, तर ते झाड घेऊ नये.

आता कोणती घ्यावीत, ते सांगते. नवख्या माणसाने पहिले झाड घ्यावे ते अनुबियास, आणि त्यातही ‘नाना’ या नावाने मिळणारी बुटकी जात. पश्चिम आफ्रिकेतील ओढ्यांच्या काठी, सावलीत, दगडांना धरून वाढणारे हे झाड. पाने जाड, गडद हिरवी, विड्याच्या पानासारखी गुळगुळीत. फायटरला टेकायला याहून चांगला पाट नाही. याच्या बाबतीत एकच नियम कटाक्षाने पाळावा लागतो: त्याचे आडवे खोड वाळूत पुरू नये. पुरले की ते सडते. झाड दगडावर किंवा लाकडाच्या तुकड्यावर ठेवून साध्या सुती दोऱ्याने सैलसर बांधावे. दोरा कुजून जाईपर्यंत मुळे दगडाला धरतात. वाढ इतकी संथ असते की माझ्या झाडाला नवे पान यायला जवळजवळ महिना लागतो. यामुळेच त्याला तीव्र उजेडात ठेवले की पानांवर शेवाळाचे काळे-हिरवे ठिपके बसतात आणि ते पुसून निघत नाहीत. टाकीचा सर्वांत सावलीचा कोपरा त्याला द्यावा.

दुसरे झाड जावा फर्न. त्यालाही पुरायचे नाही, बांधायचे. याच्याविषयी मात्र एक गैरसमज मी स्वतः बाळगला होता, तो इथे सांगते. दोन महिन्यांनी त्याच्या पानांच्या मागच्या बाजूस ओळीने तपकिरी ठिपके उठले आणि टोकांना काळपट, केसाळ गाठी आल्या. रोग पसरला असे समजून मी तीन पाने कापून टाकली. चौथे पान उजेडात धरून पाहिले, तेव्हा त्या गाठीतून तांदळाच्या दाण्याएवढी दोन पाने फुटलेली दिसली. मागचे ठिपके म्हणजे बीजाणूंचे पुंजके, जसे आपल्या पावसाळी नेच्याच्या पानामागे असतात तसे, आणि टोकाची गाठ म्हणजे पिल्लू. चार-पाच पाने आली की ते पिल्लू अलगद तोडून दुसऱ्या दगडाला बांधायचे. मी कापून टाकलेल्या तीन पानांची हळहळ मला अजून वाटते.

वाळूत लावण्याजोगे झाड हवे असेल, तर क्रिप्टोकोरीन घ्यावे. श्रीलंकेतील ‘वेंड्टी’ ही जात सहज मिळते, आणि याच कुळातील काही जाती आपल्या पश्चिम घाटाच्या ओढ्यांतही वाढतात. मात्र ओढ्यातून रोपे उपटून आणू नयेत, रोपवाटिकेतीलच घ्यावीत. नवीन टाकीत लावल्यावर आठवडाभरात त्याची पाने विरघळल्यासारखी गळून जातात, आणि बहुतेक लोक त्याच वेळी ते फेकून देतात. गळालेली पाने काढून टाकावीत, मुळांना हात लावू नये. तीन-चार आठवड्यांत नवी पाने येतात. जावा मॉसही चांगले. जपानी ‘मारिमो’ नावाने विकले जाणारे हिरवे गोळे दिसतात गोजिरे, पण ते थंड सरोवरांतले शेवाळ आहे आणि आपल्याकडच्या एप्रिल-मे महिन्यांत ते तपकिरी पडते. त्यावर पैसे घालू नयेत असे माझे मत आहे.

आपल्या पाण्याविषयी थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक वाटते. जांभ्या खडकातील विहिरींचे पाणी बहुधा मऊ आणि किंचित आम्लधर्मी असते, आणि फायटर तसेच वर सांगितलेली झाडे या दोघांनाही ते मानवते. किनाऱ्यालगतच्या विहिरींत मात्र खारटपणा उतरतो. ते पाणी वापरू नये. समुद्रावरची वाळू आणि शंख-शिंपले टाकीत घालण्याचा मोह मुलांना होतो, पण शिंपल्यांतील चुना पाण्यात उतरून ते कठीण आणि अल्कधर्मी होते. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो, म्हणून ते उघड्या बादलीत एक दिवस ठेवावे किंवा क्लोरीन घालवणारे सोडियम थायोसल्फेटचे औषध वापरावे. पावसाळ्यात विहिरीत ब्लिचिंग पावडर टाकल्यानंतर हीच काळजी विहिरीच्या पाण्याबाबतही घ्यावी लागते, कारण क्लोरीन माशाच्या कल्ल्यांना तर बाधतोच, शिवाय वाळूत आणि गाळणीच्या स्पंजात राहणारे, अमोनियाचे नायट्रेट करणारे उपकारक जिवाणूही मारतो. हे जिवाणू नव्या टाकीत तयार व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. म्हणून आधी झाडे लावावीत आणि मग मासा आणावा. भेट म्हणून मासा आधीच हातात पडला असेल, तर त्या काळात दर दोन दिवसांनी थोडे पाणी बदलावे. नंतर आठवड्यातून एकदा चौथा हिस्सा पाणी बदलले की पुरते.

उष्णतेचे तसेच. या माशाला २४ ते २८ अंश सेल्सियस तापमान मानवते. मे महिन्यात माझ्या टाकीतील पाणी ३१ अंशांवर गेले होते, तेव्हा लहान पंख्याचा वारा पाण्याच्या पृष्ठभागावर सोडून ते दोन-अडीच अंशांनी खाली आणता आले. टाकी खिडकीच्या उन्हात कधीही ठेवू नये. पाणी तापते आणि आठवडाभरात हिरवे होते. त्याऐवजी साधा एलईडी दिवा रोज सहा ते सात तास, ठरलेल्या वेळी लावावा. पावसाळ्यात वीज गेली तर काय, असा प्रश्न मला एका शेजारणीने केला. झाडे असलेल्या टाकीत हवेचा पंप बंद पडला तरी फायटर वर येऊन श्वास घेतो आणि झाडे पाण्यातील अमोनिया शोषून घेतात, त्यामुळे काही तासांनी बिघडत नाही. मुळात या माशाला जोराचा पंप नकोच. संथ स्पंज गाळणी पुरे. खताच्या बाबतीत कळकळीने सांगते की बागेचा युरिया किंवा मिश्रखत टाकीत एक दाणाही घालू नये, पाण्यात त्याचा अमोनिया होतो. अनुबियास आणि जावा फर्नला माशाच्या विष्ठेतून मिळणारे पोषण पुरते. क्रिप्टोकोरीनच्या मुळांशी मात्र काही तरी लागते. यासाठी आपल्या पायाखालचीच एक वस्तू उपयोगी पडते, याचा मला मनापासून आनंद झाला. जांभ्या मातीत लोह भरपूर असते, आणि युरोपातील हौशी लोक एके काळी ही माती विकत घेऊन टाकीच्या तळाशी घालत असत. मी जांभ्या चिऱ्याचा चुरा पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुऊन बोटभर जाड वाळूच्या थराखाली पसरला. त्यावर लावलेल्या क्रिप्टोकोरीनची पाने आज तांबूस झाक मारतात. फक्त रोपे उपटाउपट करू नयेत, नाही तर सारे पाणी पहिल्या पावसातल्या ओहोळासारखे लाल होते.

रस्त्याकडेच्या जंगली बदामाची गळून पडलेली, लाल-तपकिरी सुकी पानेही अशीच उपयोगी. वीस लिटरला तळहाताएवढे एक पान, स्वच्छ धुऊन घालावे. पाणी फिक्या चहासारखे होते, त्यातील टॅनिनमुळे किंचित आम्लता येते आणि मासा त्या पानाखाली जाऊन बसतो. हिरवे पान, किंवा फवारणी होत असलेल्या बागेतले पान घेऊ नये. फाटलेले पर या पानाने बरे होतात असे काही जण म्हणतात; माझा अनुभव असा की ते स्वच्छ पाण्याने बरे होतात. आमच्या माशाच्या शेपटीला तिसऱ्या आठवड्यात फाटल्या जागी नखाच्या कडेएवढी, पूर्ण पारदर्शक अशी नवी किनार आली आणि पुढे महिनाभरात तिच्यात निळा रंग भरला.

तरंगत्या झाडांविषयी लिहिताना मला काळजी वाटते. साल्व्हिनिया, फ्रॉगबिट यांसारखी झाडे फायटरला फार आवडतात; सावली मिळते, मुळांत घरटे टिकते. परंतु ती वेगाने पसरून सारा पृष्ठभाग झाकतात आणि मग माशाला श्वासासाठी जागा उरत नाही, म्हणून दर आठवड्याला उपसून निदान एक तृतीयांश पाणी मोकळे ठेवावे लागते. ही उपसलेली झाडे कुठे जातात, हा खरा प्रश्न आहे. आमच्या गावच्या तळीत कोणीतरी टाकीतले पाणी झाडांसकट ओतलेले मी पाहिले आहे. साल्व्हिनिया मोलेस्टा ही मूळची ब्राझीलची वनस्पती केरळात ‘आफ्रिकन पायल’ म्हणून इतकी माजली, की १९८० च्या दशकात तिला आवरण्यासाठी तिच्यावर जगणारा एक खास भुंगेरा तिथे सोडावा लागला. जलपर्णीचा त्रास तर आपल्याला नवा नाही. कुडचड्याचे नंदा तळे २०२२ मध्ये गोव्यातील पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, ठरले. असे एखादे तळे बिघडवायला टाकीतली मूठभर झाडे पुरेशी असतात. उपसलेली झाडे कडक उन्हात सुकवून माडाच्या आळ्यात घालावीत. नको झालेला मासाही तळीत किंवा ओहोळात सोडू नये.

उलट बाजूनेही सावध राहावे. तळीतून आणलेल्या शेवाळाबरोबर चतुराच्या अळ्या टाकीत येतात, आणि त्या लहान माशांना धरून खातात. दुकानातल्या रोपांबरोबर गोगलगायींची अंडी येतात. कोणतेही नवे रोप पोटॅशियम परमँगनेटच्या फिक्या गुलाबी पाण्यात दहा मिनिटे बुडवून, भरपूर धुऊन आणि आठवडाभर वेगळ्या बादलीत ठेवूनच टाकीत लावावे.

विक्रेत्यांना माझी विनंती आहे की प्रत्येक रोपावर त्याचे नाव आणि ते पाण्याखाली जगते की केवळ मुळे पाण्यात ठेवायची, एवढे दोन शब्द मराठीत किंवा कोकणीत लिहून लावावेत. मत्स्योद्योग खात्याने शोभेच्या माशांविषयी माहिती देताना टाकीतील झाडांची, विशेषतः तरंगत्या झाडांची, माहितीही एका पानावर छापून दुकानांतून उपलब्ध करून द्यावी. चतुर्थीला माटोळी बांधताना रानातली फळे-पाने नावानिशी ओळखणारी आपली मुले ही चार-पाच नावे सहज लक्षात ठेवतील. माझ्या नातीने टाकीच्या काचेवर ती स्वतःच्या अक्षरात लिहून चिकटवली आहेत, आणि जावा फर्नची आतापर्यंत निघालेली सहा पिल्ले चिऱ्याच्या तुकड्यांना बांधून वाड्यावरच्या तीन घरी दिली आहेत. सातवे अजून दोनच पानांचे आहे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका
फोंडा, गोवा